दूरदेशींचा शिपाई आणि घरची मनिऑर्डर

लढायांचा इतिहास लिहितांना इतिहासकार सेनापतींचे डावपेंच सांगतात, तहांचीं कलमें देतात, आणि फार तर मेलेल्यांची व जखमींची संख्या नोंदवितात. शिपायाला पगार काय होता, हेंही शोधणाऱ्यास एखाद्या तळटीपेंत सांपडतें. परंतु समुद्रापलीकडे गेलेल्या शिपायाचा तो पगार त्याच्या गांवीं कसा पोंचला, कोणाच्या हातीं पडला व त्याचें पुढें काय झालें, या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाहीं. वस्तुतः ज्या कुटुंबानें आपला कर्ता मुलगा बसऱ्यास किंवा इटलींत धाडला, त्याच्या दृष्टीनें महायुद्धाचा इतिहास म्हणजे बव्हंशीं दरमहा येणाऱ्या अथवा न येणाऱ्या मनिऑर्डरीचाच इतिहास होय. पूर्वीचा कुलाबा जिल्हा, ज्यास १९८१ पासून आपण रायगड जिल्हा म्हणतों, त्यांतील पेण-रोह्यापासून माणगांव-महाडपर्यंतचा पट्टा डोळ्यांपुढें ठेवून हा इतिहास थोडक्यांत मांडण्याचा येथें विचार आहे.

पेण भोगावतीच्या कांठीं, रोहें कुंडलिकेच्या. दोहोंकडे खाडीचें पाणी, खारवट जमिनी, भाताचें एक पीक, आणि पेणेकडे मिठाचा जुना व्यापार. दक्षिणेकडे जावें तसतशी जमीन डोंगराळ होते, पीक उणावतें आणि फौजेची परंपरा दाट होत जाते. महाड तालुक्यांतील एका आंबवड्यास लोक 'फौजी आंबवडें' याच नांवानें ओळखतात. आणि १० जुलै १९४४ रोजीं इटलींत वरच्या टायबरच्या खोऱ्यांत एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून जाऊन धारातीर्थीं पडलेले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे हे माणगांव तालुक्यांतलेच. शौर्याच्या या कीर्तीखालीं एक साधा हिशेब दडलेला आहे. शेतावर जें पिके, त्यांतून खोताचा वांटा व सावकाराचें व्याज वजा जातां घरांत रोख रुपया क्वचितच दिसे. जो रोख पैसा नियमानें येई, तो एक मुंबईच्या गिरणीकडून, किंवा दुसरा पलटणींतून.

हा पलटणीचा पैसा फार होता असें मात्र नव्हे. पायदळांतल्या शिपायाचा पगार १८९५ पर्यंत महिना सात रुपये होता. पुढें तो नऊ झाला, आणि १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां अकरा होता. त्यांतूनच त्याला आपला शिधा विकत घ्यावा लागे. फुकट शिधा मिळूं लागला तो युद्ध ऐन भरांत असतां, १९१७ सालीं. पलटणीच्या बनियाकडे उधारीचें खातें चाले व महिन्याअखेरीस पगारांतून तें वळतें होई. अशा स्थितींत शिपाई घरीं जें पाठवी, तें पोटाला चिमटा घेऊनच पाठवी.

पाठवावयाचें तरी कसें? जुन्या काळीं रजेवर निघालेल्या गांवकऱ्याच्या कमरेच्या कशांत रुपये बांधून देणें हाच मार्ग होता, आणि त्यांत जोखीम उघड होती. मोठा पालट झाला तो पोस्टखात्यामुळें. मनिऑर्डरीचें काम १८८० सालीं सरकारी खजिन्यांकडून पोस्टाकडे आलें व १८८२ सालीं पोस्टाची सेव्हिंग बँक निघाली. तत्पूर्वींच, १८५६-५७ च्या इराणच्या मोहिमेंत, हिंदुस्थानी फौजेबरोबर पोस्ट ऑफिस समुद्रापार गेलें होतें. या दोन्ही गोष्टी पहिल्या महायुद्धांत एकत्र आल्या. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, मेसोपोटेमिया जेथें जेथें हिंदी पलटणी गेल्या, तेथें तेथें तंबूंत पोस्ट थाटलें गेलें. 'आय. ई. एफ.' हीं अक्षरें छापलेलीं हिंदुस्थानचीं तिकिटें तेथें विकत मिळत, पत्रें घेतलीं जात आणि मनिऑर्डरीही केल्या जात. कोंकणांतल्या शिपायाची बँक ती हीच.

याखेरीज दुसरी एक व्यवस्था होती व तिचें महत्त्व अधिक होतें. परदेशीं जाणाऱ्या शिपायानें आपल्या पगारांतून अमुक रक्कम अमुक नातेवाइकास दरमहा द्यावी असें लिहून दिलें, कीं ती रक्कम मागें राहिलेल्या डेपोकडून मनिऑर्डरीनें परभारें घरीं जाई. शिपायाच्या नोकरीचा जो कागद असे, त्या शीट रोलवर वारसाचें नांव असे. मुंबईहून धरमतरच्या खाडींत येणारी आगबोट आणि तेथून निघणारा बैलगाडीचा रस्ता हा या भागाचा जुना मार्ग. आगगाडी रोह्यास आली ती १९८६ सालीं. शेवटचा टप्पा पोस्टमनच्या पायांचा. त्यानें साक्षीदारासमोर अंगठा उठवून घ्यावा व रोख रुपये मोजून द्यावे, इतक्यानें साम्राज्याचें एक लांबलचक चक्र पुरें होई.

यंत्र म्हणून ही व्यवस्था नांवाजण्यासारखीच होती. मेसोपोटेमियाचें उदाहरण घ्या. १९१४ च्या नोव्हेंबरांत बसरा हातीं आल्यावर तेथें हिंदुस्थानचाच रुपया चालूं लागला, व इराकचा स्वतःचा दिनार निघेपर्यंत, म्हणजे १९३२ पर्यंत, तो चालत राहिला. ११०व्या किंवा ११७व्या मराठा पलटणींतल्या शिपायास बसऱ्याच्या बाजारांत जें नाणें मोजावें लागे, तेंच त्याच्या बायकोला पेणच्या बाजारांत. तैग्रिसच्या कांठीं कुत येथें १९१५ च्या डिसेंबरांत वेढा पडला. १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी आंत अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार गोऱ्या-हिंदी सैनिकांनीं उपासमारीनें शरणागती पत्करली. त्यांतले पुष्कळजण कैदेंत मेले. अशा वेळीं पत्रें थांबतात, आणि घरच्या माणसांना शिपाई जिवंत आहे कीं नाहीं हें ताडण्यास डेपोच्या कागदाखेरीज कांहीं उरत नाहीं. ज्या कागदावर रुपये येत, त्याच कागदावर आशाही टांगलेली असे.

परंतु पैसा दारापर्यंत पोंचला, म्हणजे तो घराच्या उपयोगीं पडला असें होत नाहीं. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांचीं पत्रें सरकारचा सेन्सॉर वाची, व त्यांतल्या निवडक मजकुराचीं भाषांतरें करून ठेवी. पुढें अभ्यासकांनीं हीं पत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांतलीं बहुसंख्य पंजाबकडचीं आहेत. पण पैशाविषयींचें त्यांतलें गाऱ्हाणें कोणत्याही प्रांताचें असूं शकतें. पाठविलेले रुपये पोंचले कीं नाहीं, कोणी घेतले, बापाला दिले तर बायकोला कां नाहींत, भावानें जमिनीचें काय केलें, असे प्रश्न पुनःपुन्हां येतात. एकत्र कुटुंबांत वारस म्हणून नांव बहुधा वडिलांचें किंवा थोरल्या भावाचें. पोरें सांभाळणारी मात्र बायको. सरकारच्या लेखीं एका घराला एक पावती मिळाली कीं काम झालें. त्या घरांत दोन चुली असूं शकतात, ही गोष्ट कोणत्याही रकान्यांत बसत नव्हती.

आणि पावती तरी कशी? १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत शंभर पुरुषांमागें साधारण दहा-अकरा साक्षर होते, आणि शंभर स्त्रियांमागें एक. म्हणजे मनिऑर्डरीच्या खालच्या भागावर नवऱ्यानें लिहवून घेतलेल्या चार ओळी वाचण्यास पोस्टमन, शाळामास्तर किंवा गांवचा वाणी यांजकडेच जावें लागे. ज्याच्याकडे कर्ज फेडावयाचें, त्याच्याकडूनच पत्र वाचून घ्यावयाचें, ही परिस्थिति कशी असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

याच सुमारास पैशाचें रूपही बदलूं लागलें. युद्धामुळें चांदीची टंचाई पडली, रुपये पाडण्यास धातु पुरेना, तेव्हां ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं सरकारनें प्रथमच एक रुपयाची नोट काढली. पुढच्या वर्षीं नोटांच्या बदल्यांत रुपये मागणाऱ्यांची इतकी गर्दी झाली, कीं अमेरिकेनें १९१८ च्या एप्रिलांत खास कायदा करून वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठीं खुली केली. वॉशिंग्टनच्या कायदेमंडळाला कोंकणांतल्या शेतकऱ्याच्या संशयाची दखल घ्यावी लागली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तो संशय मूर्खपणाचा होता काय? ज्याला नोटेवरचीं अक्षरें वाचतां येत नाहींत, त्यानें कागदापेक्षां वाजवून पाहतां येणाऱ्या नाण्यावर विश्वास ठेवावा, यांत अडाणीपणापेक्षां सावधपणाच अधिक आहे.

१९१७ मध्येंच पोस्टानें कॅश सर्टिफिकिटें काढलीं. आज पावणेआठ रुपये भरावे व पांच वर्षांनीं दहा घ्यावे, असा त्यांचा साधा हिशेब होता. दरसाल सव्वापांच टक्क्यांच्या आसपास हें व्याज पडे. सेव्हिंग बँकेंत तीन टक्केच मिळे. सावकाराचें कर्ज चढ्या व्याजानें डोक्यावर असतां सव्वापांच टक्क्यांनीं ठेव ठेवणें शहाणपणाचें नव्हतें, प्रथम कर्ज फेडणें शहाणपणाचें होतें. पण कर्ज फिटल्यावर सर्टिफिकीट घेणें हें दागिना घडविण्यापेक्षां निश्चित चांगलें होतें. हा दोन वाक्यांचा विचार शिपायाला व विशेषतः त्याच्या घरच्यांना समजावून सांगणारा कोणी होता काय, हा खरा प्रश्न. जाहिरात सरकारच्या युद्धखर्चासाठीं होती, शिपायाच्या संसारासाठीं नव्हे. फौजेंत शिक्षण होतें. परंतु त्याची भाषा रोमन लिपींतली उर्दू. ती शिकून शिपाई नाईक-हवालदार होऊं शके, पण ती लिपी रोह्याच्या बाजारांत कोणाला वाचतां येणार? देणाऱ्याचें शिक्षण एका भाषेंत आणि घेणारीचा व्यवहार दुसऱ्या भाषेंत, अशी ही फारकत होती.

याला एक लक्षणीय अपवाद याच भागानें दाखविला आहे. पूर्वींच्या मुंबई फौजेंत महारांची मोठी भरती असे, आणि पलटणीच्या शाळांतून शिपायांना व त्यांच्या मुलांना अक्षरओळख होई. त्यामुळें पेन्शन घेऊन कोंकणांत परतलेला महार शिपाई पैशाबरोबर वाचन घेऊन येई. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पेन्शनर; १८९० नंतर महारांची भरती बंद झाली तेव्हां त्याविरुद्ध अर्ज करण्यांत ते अग्रभागीं होते. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेच्या शाळेंत शिक्षक होते, आणि त्यांच्या अल्प पेन्शनीचा मोठा वांटा मुलांच्या शिक्षणावर गेला. पगार इतरांपेक्षां जास्त नव्हता. जमीन तर नव्हतीच. फरक इतकाच होता कीं पैसा ज्या घरांत शिरला, तेथें अक्षर आधींच शिरलेलें होतें. भरतीबंदीनें नुकसान झालें तें केवळ पगाराचें नव्हे, या जोडीचें झालें. १९१७ सालीं उभारलेली १११वी महार पलटण १९२१ सालीं मोडली गेली, आणि महार रेजिमेंट पुन्हां उभी राहिली ती १९४१ सालीं बेळगांवांत.

दुसऱ्या महायुद्धांत फौज पंचवीस लाखांवर गेली व मनिऑर्डरींचा ओघही वाढला. मात्र त्या रुपयाची किंमत वाटेंतच झडूं लागली. हिंदुस्थानाबाहेर लढणाऱ्या हिंदी फौजेचा खर्च ब्रिटननें सोसावा असा करार होता. पण ब्रिटन तो स्टर्लिंगच्या रूपानें लंडनमध्यें जमा करी, आणि त्या जमेच्या आधारें येथें नोटा छापल्या जात. १९३९ मध्यें दोनशें कोटींच्या आंत असलेलें नोटांचें चलन युद्धाअखेर सुमारें सहापट झालें, आणि लंडनकडचें आपलें येणें जवळजवळ १३० कोटी पौंडांवर गेलें. म्हणजे शिपायाच्या घरीं येणारी नोट हें एका परीनें ब्रिटननें न फेडलेल्या कर्जाचेंच कागदी रूप होतें. महागाई भरली ती घरच्या चुलीनें. या येण्याचा प्रश्न १९४४ सालीं ब्रेटन वुड्सच्या परिषदेंत हिंदी प्रतिनिधींनीं मांडला. त्या प्रतिनिधींत रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांचा जन्म महाडजवळच्या नात्याचा आणि घराणें रोह्याचें. रोह्याचा मुलगा परिषदेंत ज्या रकमेविषयीं बोलत होता, तिच्यांत रोह्या-माणगांवच्या शिपायांचा पगारही होता, हा योगायोग विसरण्याजोगा नाहीं.

कोणी म्हणेल, शिपायाला पगार देणें व तो पोंचविणें इथपर्यंतच सरकारचें कर्तव्य. त्यानें तो कसा खर्चावा हें शिकविणें म्हणजे प्रौढ माणसाला पोर समजणें. हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. शिपायाचा बाप जमीन सोडविण्यास पैसे घाली, बायको चांदी घेई, दोघेही आपापल्या अनुभवानें शहाणेच वागत. परंतु ज्यानें नवा कागद, नवी बँक व नवें व्याज गांवांत आणलें, त्यानें त्यांचा अर्थ सांगण्याची जबाबदारीही घ्यावयास हवी होती. उपदेश नको होता; वाचतां येईल अशी पावती व स्वतःच्या नांवाचें खातें हवें होतें.

आज लेबनॉन किंवा दक्षिण सुदानमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर गेलेल्या जवानाचा पगार क्षणांत बँकेंत जमा होतो, व पत्नीचें नांव खात्यावर असूं शकतें. पोंचविण्याचा प्रश्न सुटला. समजण्याचा सुटलेला नाहीं. २०१० सालीं पेणच्याच अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले आणि हजारों ठेवीदारांचे पैसे अडकले. त्या काळीं ठेवविम्याचें संरक्षण दरडोई एका लाखापुरतें होतें, २०२० पासून तें पांच लाख आहे. ही मर्यादा ठेव ठेवण्यापूर्वीं किती घरांना ठाऊक होती? शंभर वर्षांपूर्वीं अंगठा उठविणाऱ्या स्त्रीला कागद वाचतां येत नव्हता. आजच्या सुशिक्षिताला तो वाचतां येतो, पण बारीक अक्षरांतला मजकूर वाचण्याची त्याला संवय नाहीं. जवान परदेशीं जाण्यापूर्वीं त्याला कवायत व शस्त्र जितक्या काटेकोरपणें शिकविलें जातें, तितक्याच काटेकोरपणें त्याला आणि त्याच्या पत्नीला एकत्र बसवून घरच्या खात्याची माहिती मराठींत दिली जावी, एवढीच या इतिहासाची मागणी आहे. खर्चाच्या मानानें ती फार मोठी नाहीं.