वैल, बंब आणि जमिनीची ऊब : रत्नागिरीच्या ऊन पाण्याची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. आंघोळीच्या पाण्याला कसला आलाय इतिहास? पण घरात पहाटे आधी कोण उठतं, सरपण कोण आणतं, धूर कुणाच्या डोळ्यांत जातो, हाही इतिहासच आहे. तो बखरीत लिहिला गेला नाही, एवढंच. आणि जमिनीतल्या उष्णतेवर पाणी तापवायचं, असं आज बोललं जात असताना रत्नागिरीकरांनी तो जरा नीट बघायला हवा.

सुरुवात गावांच्या नावांपासून करू. राजापूरजवळ उन्हाळे, दापोली तालुक्यात उन्हवरे. ही नावं ऋतूवरून आलेली नाहीत. ‘ऊन’ म्हणजे गरम. ऊन भात म्हणतो ना आपण, तसं. जिथं ऊन पाणी निघतं ते उन्हाळं. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली इथंही असे झरे आहेत. उन्हाळ्याचं पाणी सुमारे ४२ अंशांचं, म्हणजे थेट अंगावर घेण्याजोगं. तुरळचं साधारण ६० अंशांचं, आणि उन्हवऱ्याचं ७० अंशांच्या आसपास. तिथं विसण घातल्याशिवाय आंघोळ नाही!

पुष्कळांना वाटतं, खाली ज्वालामुखी असणार. तसं नाही. आपला कातळ लाव्हारसाचाच आहे, पण तो थंड होऊन सहा कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं. खाली जावं तसं तापमान साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढतं. ते पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. १९७०च्या दशकापासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभरातल्या अशा झऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, त्यात पश्चिम किनाऱ्याची ही साखळीही होती.

पण मंडळी, झरा एका जागी असतो आणि घरं दहा ठिकाणी. वाटेत पाणी निवतं. त्यामुळे कुंडावरची आंघोळ सणावाराची किंवा दुखऱ्या सांध्यांची. रोजचं पाणी घरीच तापायचं. ते तापवायचं काम बहुतेक घरांत बायकांचं. झावळ्या, सोडणं, पातेरा गोळा करायचा, आणि पावसाळ्यात हे सगळं ओलं झालं की फुंकणीनं जीव काढायचा.

म्हणून मला वैल फार महत्त्वाची वाटते. मुख्य चुलीवर भात शिजतोय, आणि त्याच जाळाची उरलेली धग बाजूच्या वैलीवर ठेवलेल्या भांड्याला मिळते. वेगळं लाकूड नाही. ते पाणी कढत होणार नाही, पण कोमट होईल. पुढे न्हाणीतल्या चुलीवर ते चढवलं की जाळ कमी लागतो. यालाच आजचे इंजिनिअर ‘प्रीहीटिंग’ म्हणतात.

तांब्याचा बंब आठवा. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं; गार खाली. भिंतीवरचा गिझर आतून याच नियमावर चालतो. फक्त निखाऱ्याच्या जागी वीज आली.

आता थोडं बाहेर जाऊ. १८५२ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवून दिलं की यंत्रानं उष्णता थंड जागेतून उचलून गरम जागेत नेता येते. ‘हीट पंप’ तो हाच. आपला फ्रिजही तेच करतो, आतली उष्णता मागच्या जाळीवर आणून टाकतो. जमिनीतली उष्णता अशी उचलायची कल्पना स्वित्झर्लंडच्या हाइनरिश झोएली यांनी १९१२ साली पेटंटमध्ये मांडली. १९३८मध्ये झुरिकचं नगरभवन लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन तापू लागलं. आणि १९४०च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या रॉबर्ट वेबर यांची गोष्ट सांगितली जाते. घरच्या डीप फ्रीझरच्या नळीला त्यांचा हात लागला आणि भाजला. त्यांच्या मनात आलं, ही उष्णता फुकट का घालवायची? त्यांनी ती घरच्या गरम पाण्याच्या टाकीकडे वळवली. पुढे ते जमिनीतून उष्णता घेण्यापर्यंत पोचले. बघा, अमेरिकेतल्या गृहस्थाला वैलच सापडली!

आजची जोडणी अशी असते. कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला वायू आधी एका छोट्या उष्णता-विनिमयकातून जातो. त्याच्या दुसऱ्या बाजूनं घरचं पाणी फिरतं. मधे दुहेरी भिंत असलेली बरी, म्हणजे गळती झाली तरी वायू किंवा तेल पाण्यात उतरत नाही. हे कोमट पाणी आधी एका वेगळ्या, बिनविजेच्या टाकीत साठवायचं आणि तिथून गिझरला द्यायचं. एकच टाकी ठेवली तर गिझर आधीच पाणी तापवून बसतो, आणि फुकटच्या उष्णतेला काम उरत नाही.

मग रत्नागिरीत घरोघरी बोअर मारायची का? इथं हिशेब करू. झुरिकमध्ये हिवाळ्यात हवा गोठलेली, पण जमीन दहा अंशांच्या आसपास. तिथं जमीन उपयोगी. आपली जमीन २७ अंशांच्या आसपास, आणि हवाही जवळजवळ तेवढीच. वीस लिटरची बादली २७वरून ४० अंशांवर न्यायला ०.३ युनिट लागतं. चार माणसांचं सव्वा युनिटच्या आत. हीट पंप ते काम साधारण तिसऱ्या हिश्श्यात करतो, म्हणजे रोजची बचत पाऊण युनिटभर. तेवढ्यासाठी जांभा आणि कातळ फोडणं परवडत नाही. तेच काम हवेतून उष्णता घेणारा हीट पंप करतो. आणि झऱ्यांच्या जवळ तर बोअर मारताना दहा वेळा विचार करावा. पाण्याची भूगर्भातली वाट एकदा बदलली की झरा परत मिळेलच असं नाही.

पण वैल दुसरीकडे आहे. मिरकरवाड्यासारख्या बंदराला बर्फ लागतो. बर्फाचा कारखाना म्हणजे भला मोठा फ्रिज; त्यातल्या अमोनियाचा वायू कॉम्प्रेसरमधून अतिशय तापून निघतो आणि ती सगळी उष्णता बाहेर सोडली जाते. मासळीवर प्रक्रिया होते तिथं धुण्यापुसण्याला गरम पाणी लागतंच. तिथं ही जोडणी शोभेल. फक्त नळ्या पोलादाच्या हव्यात, कारण अमोनिया तांबं खातो. आपला बंब तिथं चालायचा नाही. जी हॉटेलं आणि रुग्णालयं वर्षभर एसी चालवतात, त्यांनाही हे लागू आहे. साध्या घरात मात्र एसी मे महिन्यात चालतो आणि गरम पाणी जानेवारीत हवं असतं; तिथं हा मेळ बसत नाही.

तेव्हा जमिनीत खोल जाण्याआधी आपल्या आसपास कुठली धग वाया जातेय ते बघावं. आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांत धूर घेऊन नेमकं हेच केलं होतं. त्यांच्याकडे मोजायला युनिटं नव्हती. आणलेल्या मोळ्या होत्या, आणि त्या त्यांना पाठीवर मोजाव्या लागत. आपल्याला निदान कागदावर तरी मोजता यायला हवं.