गोणपाटाच्या पडद्यापासून घरापर्यंत



बचत गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की बियाणं, शिलाई मशीन, मुलांची फी, दुखणं-खुपणं, अशी उत्तरं येतात. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे, ती म्हणजे ‘घर लावायचंय.’ मुलीला बघायला पाहुणे येणार असतात, मुलाचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर शेजारणीकडे नवा सोफा आलेला असतो. मग जुना लाकडी पलंग भंगारात जातो आणि हप्त्यावर नवं सामान दारात उतरतं. हा खर्च करावा की नाही, हे ज्या त्या घरानं ठरवायचं. आम्ही आज फक्त आपल्याच भागातली, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली घर सजवण्याची गोष्ट सांगणार आहोत. ती बायकांनी घडवलेली आहे आणि बहुतेक वेळा पदरी पैसा नसताना घडवलेली आहे.

सारवलेली भिंत

अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० सालचं. त्याच्या भिंतीवरचं कोरीव काम बघायला दूरदूरचे अभ्यासक येतात. पण त्याच काळात आजूबाजूला जी कुडाची घरं असतील, त्यांच्या सजावटीची नोंद कोणी केली नाही. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर माती, शेण आणि भुसा कालवून लिंपायचं, सणाच्या आधी पुन्हा सारवायचं, उंबऱ्याला पांढरी किनार ओढायची, अंगणात सडा घालायचा. दगडाची कला हजार वर्षं टिकली. मातीची दर वर्षी नव्यानं करावी लागली, आणि ती करणारे हात बायकांचे होते.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली वारली चित्रं बघा. लग्नात घरातल्या भिंतीवर गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूची काडी चावून मऊ केली की तोच कुंचला. चौक काढायचा मान सवाशिणींचा. खर्च काय, तर मूठभर तांदूळ. पुढे १९७० नंतरच्या काळात ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे जगभर गेली, आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तो मान योग्यच होता. पण भिंतीवर होती तोवर ही कला ‘बायकांचं काम’ होती, आणि कागदावर येऊन तिला किंमत लागल्यावर ती ‘कला’ झाली, हेही आपण लक्षात ठेवायला हवं. हाच प्रकार या गोष्टीत पुढेही भेटणार आहे.

बराकीत मांडलेला संसार

आता उल्हासनगरकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळच्या माळावर लष्कराची छावणी होती. दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची बांधणी. युद्ध संपलं आणि छावणी ओस पडली. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधून माणसं आगबोटीनं आणि रेल्वेनं येऊ लागली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, त्यानंतर येणाऱ्यांची रीघच लागली. त्यातल्या सुमारे लाखभर लोकांची सोय या कल्याण कॅम्पमध्ये केली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या गावाची पायाभरणी झाली. उल्हास नदीवरून गावाचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. आजही तिथला पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात.

मैत्रिणींनो, सैनिकांसाठी बांधलेल्या त्या दालनाचा विचार करा. एकाच छपराखाली किती तरी कुटुंबं. मध्ये भिंत नाही. मग आडोसा कशाचा? गोणपाटाचा, चादरीचा, जुन्या साडीचा. दोरी बांधली, त्यावर कापड टाकलं, की अलीकडे एक घर आणि पलीकडे दुसरं. घर मांडण्याची सुरुवात इथे सजावटीनं झाली नाही, अब्रू राखण्यापासून झाली. कपडे बदलायला, बाळाला पाजायला, आजारी माणसाला निजवायला आडोसा हवा होता. तो पडदा स्वच्छ धुतलेला असावा, त्याला नीट शिवण असावी, एवढीच काय ती हौस.

यातल्या कित्येकींनी सिंधमध्ये मोठी घरं सोडली होती. तिथे लाखेनं रंगवलेल्या लाकडी झोपाळ्याचा, पींघ्याचा मान असे. इथे हाती उरली होती ती कला. सिंधमध्ये जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून रल्ली शिवतात. आपली गोधडी किंवा वाकळ म्हणजे तिची सख्खी बहीणच. वर रंगीत तुकड्यांची नक्षी, आत विरलेल्या कपड्यांचे थर आणि सगळ्यांना धरून ठेवणारा दोरा. बायका पापड लाटून विकत, लोणची घालत, शिवणकाम करत. पडद्याच्या जागी पुढे भिंती आल्या, बराकींची घरं झाली आणि घरांच्या पुढे दुकानं आली. ज्या गावाची सुरुवात गोणपाटाच्या आडोशानं झाली, ते गाव आज स्वस्त कापड, जीन्स आणि फर्निचरच्या बाजारासाठी ओळखलं जातं.

अंबरनाथला याआधीच, १९२० नंतरच्या दशकात, विमकोचा काड्यापेटीचा कारखाना आला होता. पुढे दारूगोळा कारखान्यामुळे आणखी कामगार आले. चाळीतल्या एका खोलीत संसार मांडताना आपल्या मराठी बायकांनीही हाच मार्ग धरला. पत्र्याच्या ट्रंकेवर चादर टाकली की बसायला बाक. रुखवतात आलेले क्रोशाचे रुमाल रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर. दाराला मण्यांचं तोरण. जुन्या साडीचं पायपुसणं. रुखवत म्हणजे तरी काय? नव्या घराची सजावट विकत न आणता लेकीबरोबर हातानं करून पाठवायची रीत.

आपलीच चीट, साहेबाचा सोफा

आता एक गंमत सांगतो. ‘शॅबी चिक’ हा शब्द तुमच्या मुलींनी मोबाइलवर पाहिला असेल. जुनाट दिसणारं पण देखणं घर, असा त्याचा अर्थ. रंग उडालेली कपाटं, कडा घासलेली टेबलं, विटलेल्या फुलांचं कापड. इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून ही आवड १९८० नंतर पुढे आली. १९८९ साली रेचल ॲशवेल या बाईंनी अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, याच नावाचं दुकान काढलं. जुन्या बाजारातलं सामान आणायचं, ते दुरुस्त करायचं आणि सोफ्याला धुता येईल अशी खोळ घालायची, हा तिचा धंदा. लहान मुलं असलेल्या घरात धुता येणारी खोळच बरी, हे तिला घरातूनच ठाऊक होतं.

पण त्या सोफ्यावरच्या फुलांच्या कापडाला इंग्रजीत म्हणतात ‘चिंट्झ’. हा शब्द आपल्या चीट किंवा छीट या शब्दापासून गेला. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून फुलापानांची सुती कापडं जहाजांनी युरोपात जात. धुतलं तरी रंग जात नाही, ही त्यांची ख्याती. तुरटी आणि मंजिष्ठेच्या मुळांची ती करामत तिकडच्या रंगाऱ्यांना साधत नव्हती. हे कापड तिथल्या बायकांना इतकं आवडलं की फ्रान्सनं १६८६ साली त्यावर बंदी घातली. इंग्लंडनं १७०० साली आणि पुन्हा १७२० साली कायदे केले. १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर असं कापड नेसलेल्या बायकांच्या अंगावर विणकर धावून जात, त्यांचे कपडे फाडत. आपला धंदा बुडतोय, हा त्यांचा राग. बंदी उठली ती १७७४ साली, म्हणजे इंग्लंडमध्येच छपाईच्या गिरण्या उभ्या राहू लागल्यावर.

म्हणजे आज जी सजावट परदेशी फॅशन म्हणून महाग विकली जाते, तिच्यातलं कापड मुळात आपल्या रंगाऱ्यांचं, आणि तिची ‘जुनं टाकू नये’ ही शिकवण आपल्या आजीची. वारली चित्रांचं झालं तेच इथेही झालं. दुसऱ्यानं किंमत लावली की मग आपल्याला किंमत कळते.

पाण्यानं शिकवलेला धडा

आपला भाग उल्हास नदीच्या काठचा. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेलं नाही. २०१९ च्या जुलैअखेर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पुरानंतर घराघरांतून रस्त्यावर काय येऊन पडतं, ते आठवा. भुसा दाबून केलेल्या पाट्यांची कपाटं फुगून फुटतात. हप्ते मात्र फुटत नाहीत, ते चालूच राहतात. सागाचा पलंग किंवा लोखंडी खाट पुसून, सावलीत वाळवून पुन्हा वापरता येते. तेव्हा जुनं लाकूड भंगारात देण्याआधी ते कशाचं आहे, हे जाणत्या सुताराला एकदा विचारा. सागाची फळी भुशाच्या भावानं जाऊ देऊ नका.

हात लावण्याआधी

जुनं सामान नवं करायचं तर थोडी काळजी हवी. लाकडाला बारीक भोकं पडून भुकटी गळत असेल तर आत भुंगा आहे. आधी त्याचा बंदोबस्त करा. जुन्या खाटेच्या सांध्यांत ढेकूण असतात, तिथे उकळतं पाणी ओता आणि खाट कडक उन्हात ठेवा.

रंगाच्या बाबतीत विशेष सावध राहा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगातलं शिसं जवळजवळ नाहीसं करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. ती लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला अपाय करते. म्हणून असं लाकूड ओलं करून, घराबाहेर, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून घासा. गरोदर बाईनं आणि मुलांनी जवळ थांबू नये. रंगाचे पोपडे फार सुटत असतील तर ते काम अंगावर घेऊ नका.

बाकी कृती सोपी आहे. लाकूड स्वच्छ करून वाळवा. जिथे हात लागून रंग झिजतो अशा कडांवर मेणबत्ती घासा. वर पांढरा किंवा फिकट रंग द्या. वाळल्यावर कडा पॉलिश पेपरनं हलक्या घासा. मेणावरचा रंग निघतो आणि खालचं लाकूड दिसतं. उशांना जुन्या सुती साड्यांचे अभ्रे शिवा. कारखान्यातून निघणाऱ्या जीन्सच्या कातरणाची जाड, टिकाऊ गोधडी होते. ती शिवायला चार जणी एकत्र बसल्या तर घर सजतं आणि विकायला वस्तूही तयार होते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणि हातातली एक कला सांगायची. कोणाला सारवण येतं, कोणाला क्रोशा, कोणाला रंग देता येतो. वहीत हे लिहून घ्या. मग ‘घर लावायचंय’ म्हणून कर्जाचा अर्ज आला, की पैशांचा आकडा ठरवण्याआधी ती वही उघडा. कर्ज लागेलही, पण कदाचित निम्मं लागेल.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.