मातीचे जमाखर्च

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडन नावाचे गाव आहे. तेथील रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या आवारात ब्रॉडबॉक नावाचे गव्हाचे शेत आहे. दिसायला चारचौघांसारखेच. हवेतला कर्ब मातीत साठवून पृथ्वीचा ताप उतरवता येईल का, असे आज सरकारे आणि कंपन्या विचारीत आहेत. या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर मला या शेताच्या इतिहासात दिसते.

जॉन बेनेट लॉज हे येथील जमीनदार. १८४२ साली त्यांनी सुपरफॉस्फेट खताचे पेटंट घेतले आणि १८४३ मध्ये जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून प्रयोग सुरू केले. शेताच्या एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही, काहींना रासायनिक खते, तर एकाला दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत! पिकाला नेमके काय लागते, एवढेच त्यांना शोधायचे होते. हवामानबदल त्यांच्या स्वप्नातही नव्हता. पण प्रयोग मोडायचा नाही आणि मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवायचे, हा शिरस्ता त्यांनी पाडला. तो आजही चालू आहे.

त्यातून निघाले काय? शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. मात्र ही वाढ पहिल्या काही दशकांत झपाट्याने झाली, मग मंदावली. कारण सोपे आहे. मातीतले सूक्ष्मजीव या साठ्यावरच जगतात. जमा वाढली की त्यांचा खर्चही वाढतो आणि शेवटी दोन्ही जुळतात. कर्बाचे कोठार कितीही भरत राहील, हा समज येथे खोटा ठरतो.

शेजारच्या हूसफील्ड शेतात सातूचा प्रयोग आहे. तेथील एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत मिळाले आणि मग बंद झाले. साठा तेव्हापासून उतरत गेला. तरी शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा जास्त भरला. आजोबांनी घातलेले खत पणतवंडांच्या कामी येते ते असे.

१८८२ साली लॉज यांनी आणखी एक गंमत केली. ब्रॉडबॉकच्या एका टोकाला सुमारे अर्धा एकर उभा गहू कापलाच नाही. कुंपण घातले आणि जमीन सोडून दिली. चारच वर्षांत तेथे गव्हाची मोजकी खुरटी रोपे उरली. आज त्या तुकड्याच्या एका भागात दाट झाडी आहे. मातीतला कर्ब वाढला, पण त्याहून कितीतरी अधिक कर्ब झाडांच्या लाकडात साठला.

२०१५ च्या पॅरिस परिषदेत फ्रान्सने मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढवण्याची कल्पना मांडली. रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी ती आपल्या जुन्या नोंदींवर ताडून पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा वेग गाठता येतो. पण त्यासाठी बहुधा भरमसाट शेणखत तरी लागते, किंवा जमीन पिकाखालून काढावी तरी लागते. शिवाय दुसरीकडून आणलेल्या शेणखतातला कर्ब हा नव्याने साठवलेला नव्हे. तो फक्त या शेतातून त्या शेतात गेला.

आपल्याकडे तर शेण शेतापर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या गोवऱ्या होतात. १८८९ साली हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला गेलेल्या डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले. शेतकऱ्याला त्यांनी अडाणी म्हटले नाही. सरपण नाही म्हणून शेण जळते, तेव्हा सरपणाची झाडे लावा, असे सांगितले. एका झाडाने दोन कामे होतात, लाकडात कर्ब साठतो आणि खत शेताला मिळते. आपल्या उष्ण हवेत सूक्ष्मजीवांचा खर्चही भराभर होतो, म्हणून ही भर अखंड चालू ठेवावी लागते.

जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढला की माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते. एवढ्या लाभासाठीही हे काम करण्याजोगे आहे. पण त्याच्या जोरावर धुराडी चालू ठेवण्याचा परवाना मागणाऱ्यांना मी एकच विचारीन: वीस वर्षांनी खत बंद झाले, किंवा त्या रानात पुन्हा नांगर फिरला, तर हिशेब कोण देणार?