सहज रक्त साकळणे
किरकोळ धक्क्यानेही त्वचेखाली रक्त साकळून काळे-निळे डाग पडणे. जुन्या सांगाड्यांत असे डाग शोधता येत नाहीत. घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (1968–83) सापडलेली बहुसंख्य दफने लहान मुलांची होती. अशा दफनांत, डाग पाडणाऱ्या आणि क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या स्कर्व्हीच्या खुणा हाडांवर टिकू शकतात, त्वचेवरचा डाग मात्र मातीत नाहीसा होतो. जिवंत माणसातही नुसता डाग कारण सांगत नाही. उतारवयात कातडी पातळ होऊन हातांवर डाग पडतातच, हे खरे. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यकृतविकार, डेंग्यू, रक्ताचा कर्करोग यांतही डाग पडतात. म्हणून पाठ-पोटावर विनाकारण डाग, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त किंवा सोबत ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे; गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. उसाच्या फडात घोणस चावली तर रक्त गोठेनासे होऊ शकते. तेव्हा डागाची वाट न पाहता प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.