पुनर्विवाह आणि अपत्यांचे पोषण

घटस्फोट व पुनर्विवाह ही पाश्चात्त्यांची देणगी होय, असा समज आपल्या समाजात दृढ झालेला आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, ‘धर्मस्थीय’ अधिकरणात, पतिपत्नींत परस्पर द्वेष उत्पन्न झाल्यास ‘मोक्ष’ सांगितला आहे. धर्म्य विवाहांस तो नाही, एवढाच अपवाद. परंतु आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो तो स्त्रीधनाविषयीचा नियम. पुत्रवती स्त्रीने दुसरा पती केल्यास तिचे स्त्रीधन पुत्रांकडे जावे. आणि पुत्रांच्या भरणासाठीच तिने तसे केले असेल, तर पुत्रांकरिता तिने त्या धनात भरच घालावी. आई नव्या घरी गेली तरी मुलांचा घास हिरावला जाऊ नये, हे सूत्र इतके जुने आहे.

पुढे धर्मशास्त्राने वरिष्ठ वर्णांपुरते हे द्वार मिटविले. तथापि बहुजनसमाजात काडीमोड, सोडचिठ्ठी व पाट हे शब्द व्यवहारात राहिलेच. गुजरातेत तर पुनर्विवाहित आईचे बोट धरून नव्या घरी येणाऱ्या मुलास ‘आंगळियात’ असे नावच आहे. बडोद्याच्या आमच्या वाचकांस ते परिचित असेल. त्या एका शब्दात त्या मुलाची सारी स्थिती सामावली आहे: तो घरात आहे, पण घराचा नाही.

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाला प्रथम हात घातला तो १८५६ च्या विधवापुनर्विवाहाच्या कायद्याने. पुनर्विवाह करताच विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपे, आणि पतीचे आप्त मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागू शकत. कठोरच तरतूद ही. परंतु तिला एक जोड होती: मुलांपाशी पोषणशिक्षणापुरते स्वतःचे धन नसेल, तर आईच्या संमतीवाचून अशी नेमणूक होऊ नये, अथवा होणाऱ्या पालकाने त्या खर्चाचे तारण द्यावे. मुलावर हक्क सांगणाऱ्याने आधी त्याच्या अन्नाची हमी द्यावी, असा त्याचा अर्थ.

घटस्फोटाचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली, मुंबई इलाख्यात १९४७ साली, आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशाच्या मोठ्या भागात लागू झाला. या कायद्याची दोन कलमे लागोपाठची असली तरी त्यांचा गोंधळ नित्य होतो. २५ वे कलम पतिपत्नींच्या पोटगीचे. पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास ती रद्द करावीच, असे मूळ कलम सांगे. १९७६ च्या दुरुस्तीने ते न्यायालयाच्या विवेकावर सोपविले. २६ वे कलम अज्ञान मुलांच्या ताब्याचे, पोषणाचे व शिक्षणाचे. त्यात मातापित्यांच्या पुनर्विवाहाचा उल्लेखही नाही. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या २० व्या कलमाने तर पिता आणि माता या दोघांवरही अपत्यांच्या निर्वाहाचे बंधन घातले आहे. सावत्र पित्याचे नाव त्यात नाही. उलट, अपत्यहीन सावत्र आईचा निर्वाह सावत्र मुलाने करावा, असे त्यातच नमूद आहे.

पित्याने दुसरा संसार थाटल्यास रकमेवर परिणाम होऊ शकतो, कारण निर्वाहास पात्र माणसे किती, हेही न्यायालयास पाहावे लागते. घास लहान होईल. ताट काढून घेता येणार नाही.

गोव्याची वाट वेगळी. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबतीत तिचाच अंमल राहिला. मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम गोव्यासही लागू झाले, आणि २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. जुन्या कलमातील मासिक पाचशे रुपयांची मर्यादा २००१ साली उठली. घटस्फोटितेने पुनर्विवाह केल्यास तिची मागणी तेथे संपते. मुलाची संपत नाही.

ज्ञातीचे पंच अद्यापि तडजोडी घडवितात. ‘एकरकमी घेतले, आता कोणाचे काही देणे नाही’ असे लिहून घेतले जाते, आणि आईचे दुसरे लग्न होताच मुलाची फीसुद्धा थांबते. अशा वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, आईचा हक्क व मुलाचा हक्क वेगळे लिहावेत. आईने आपला हक्क सोडल्याने मुलाचा सुटत नाही. कौटिल्यालाही हा भेद उमगला होता.