परत आलेला डॉक्टर

चीनच्या युद्धात सेवेला गेलेला मराठी डॉक्टर म्हटला की आपल्या ओठांवर एकच नाव येते, कोटणीस. ते योग्यच आहे. पण त्याच पथकात आणखी एक मराठी माणूस होता आणि तो आपल्या शेजारचा, नागपूरचा होता: डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर.

जपानने १९३७ साली चीनवर मोठी चढाई केली. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनी आवाहन केले, लोकांनी वर्गणी दिली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, उपप्रमुख चोळकर. शिवाय कोटणीस, बसू व मुखर्जी. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी माणसे धाडली, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच सुमारास सिंगापुरात स्थायिक झालेला चिनी रबरव्यापारी तान काह-की याने मायभूमीसाठी प्रचंड निधी जमवला आणि १९३९ मध्ये तीन हजारांवर लॉरीड्रायव्हर व मेकॅनिक बर्मा रोडवर पाठवले. व्यापाऱ्याचे नाव राहिले. ड्रायव्हरांची नावे कोण सांगतो? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे जरा अधिक बोचते.

कोटणीस निघाले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. चोळकर कितीतरी थोर. वयाची सबब सांगून ते घरी बसले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. हांको, चुंगकिंग करीत १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. त्याच वर्षी चोळकर व मुखर्जी परतले. कोटणीस मागे राहिले, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले.

पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच 'आणि एक परत आला नाही' असा आहे. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यावरून चित्रपट काढला. जे चौघे परत आले, त्यांच्यावर कोण चित्रपट काढणार! हुतात्म्याला आपण हार घालतो. काम करून जिवंत परतणाऱ्याला विचारीतही नाही.

चिन्यांनी पाचही जणांच्या चिनी नावांना 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले होते. कोटणीस झाले 'के दी-हुआ'. आपले नागपूरचे चोळकर 'च्वो के-हुआ'.