मिठीतील गाळाचा प्रवास

विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी नदीची लांबी सुमारे १८ किलोमीटर. मुंबईत सांडपाण्याच्या आणि पावसाळी पाण्याच्या वाहिन्या स्वतंत्र आहेत, निदान कागदोपत्री तरी. प्रत्यक्षात तुंबलेल्या मलवाहिन्यांचे व काठच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे नदीतच उतरते.

कोरड्या महिन्यांत प्रवाह मंदावतो. वाळूसारखे जड कण नाल्यांच्या तोंडाशीच बसतात. मैल्याचे बारीक, चिकट कण पुढे वाहत जाऊन संथ पाण्यात थरावर थर साचतात. जड धातू आणि जंतू मुख्यत्वे याच बारीक कणांना चिकटलेले असतात. पहिल्या मुसळधार पावसात हे थर ढवळले जातात, पाणी काळे पडते आणि त्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो.

हा सारा गाळ समुद्रात निघून जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. भरती आली की प्रवाह अडतो. खाऱ्या पाण्यात बारीक कणांच्या गुठळ्या होऊन त्या खाडीच्या तळाशी बसतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा अरुंद, गाळाने उथळ झालेले पात्र आणि भरती यांची गाठ पडली.

पावसाळ्यापूर्वी गाळ उपसला जातो खरा. पण काठावरचे ढीग वेळेत हलले नाहीत, तर पहिल्याच सरीत तोच गाळ पुन्हा पात्रात उतरतो.